जुने आणि नवे एकाच हंगामात: छोट्या गायकवृंदाच्या चार मैफली कशा आखाव्यात

तुमचा प्रश्न मी असा समजतो. तुमचा चेंबर कॉयर, म्हणजे छोटा गायकवृंद, 20 जणांचा आहे: 6 सोप्रानो (सर्वात उंच आवाज), 5 आल्टो (त्याखालचा), 4 टेनर (त्याहून खालचा) आणि 5 बास (सर्वात खालचा). येत्या हंगामात 4 मैफली करायच्या आहेत, आणि प्रत्येक मैफलीत सोळाव्या-सतराव्या शतकातले संगीत व आपल्या काळातले संगीत शेजारी शेजारी यावे, असे तुमच्या समितीने ठरवले आहे. तालीम आठवड्यातून एकदा, अडीच तास. गेल्या हंगामात वाद्याच्या साथीशिवाय गाताना सूर वारंवार उतरला, त्याचा धसका सगळ्यांनी घेतला आहे. शिवाय एका संगीतकाराकडून नवी रचना लिहून घ्यावी, असाही विचार चालू आहे. मनातल्या रचनांची एक यादीही तुम्ही दिली आहे. या सगळ्याची सांगड कशी घालायची, असे तुम्ही विचारले आहे.

छोट्या गायकवृंदांबरोबर मी पंचवीसहून अधिक वर्षे काम करत आलो आहे आणि अशा मिश्र मैफलींचे बरेच प्रकार करून पाहिले आहेत. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुने आणि नवे संगीत केवळ विरोधाची गंमत दाखवण्यासाठी शेजारी ठेवू नये, आणि दोन्हींचा विषय एकच आहे एवढ्या कारणानेही ठेवू नये. 'रात्र', 'प्रकाश', 'विरह' अशा नावांखाली बांधलेले कार्यक्रम पत्रिकेवर छान दिसतात, पण त्या जोडणीचा गायकांच्या कानाला काहीही उपयोग होत नाही आणि श्रोत्यालाही ती वाचल्याशिवाय कळत नाही. ज्या दोन रचनांना गळ्याचे आणि कानाचे एकच कौशल्य लागते, त्या दोन रचनांची जोडी लावावी, म्हणजे जुन्या रचनेवर घातलेला प्रत्येक तास नव्या रचनेच्या खात्यातही जमा होतो. आठवड्याला अडीच तास एवढेच भांडवल हाती असताना याहून किफायतशीर मार्ग मला सापडलेला नाही.

आधी त्या भांडवलाचा हिशेब मांडू. एका मैफलीसाठी 8 तालमी म्हणजे 20 तास, त्यात शनिवारची 5 तासांची एक सलग तालीम धरली तर 25 तास. गळा तापवणे, मधली सुट्टी आणि सूचना यांसाठी प्रत्येक आठवड्याचा निदान अर्धा तास जातो, म्हणून प्रत्यक्ष गाण्यासाठी सुमारे 21 तास उरतात. मैफलीत 60 मिनिटांचे संगीत असेल तर प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला 21 मिनिटांची तालीम येते. माझ्या अनुभवात, नोटेशन बऱ्यापैकी वाचणाऱ्या गटाला सोळाव्या शतकातल्या विल्यम बर्डच्या चार आवाजांच्या (चार स्वतंत्र ओळींच्या) मासमधले, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीच्या संगीतातले, एक मिनिट बसवायला 10 ते 12 मिनिटे पुरतात, आणि आठ-दहा भागांत विभागलेल्या आधुनिक रचनेच्या एका मिनिटाला 40 मिनिटेही कमी पडतात. म्हणून रचनांची नावे सुचवण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक रचनेपुढे तिची मिनिटे आणि तिला लागणारी तालमीची मिनिटे लिहा. दुसऱ्या रकान्याची बेरीज 21 तासांच्या पुढे गेली, तर रचना कितीही आवडती असली तरी ती पुढच्या हंगामावर ढकला.

याच कसोटीवर तुमच्या यादीतली हंगेरियन संगीतकार लिगेतीची 'लुक्स एतेर्ना' यंदा करू नका, असे मी कळकळीने सांगेन. 1966 ची ही रचना 16 स्वतंत्र आवाजांसाठी आहे. तुमच्याकडे 20 गायक आहेत हे खरे, पण तिथे प्रत्येक आवाजात चार जण लागतात आणि तुमचे टेनर नेमके चारच आहेत. मैफलीच्या आठवड्यात त्यांतला एक आजारी पडला तर रचनाच उभी राहत नाही. सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार टॅलिसच्या 40 आवाजी 'स्पेम इन आलियुम'चे नावही यादीत आहे, पण ती पाच-पाच आवाजांच्या आठ वृंदांसाठीची रचना आहे. दुसऱ्या एखाद्या गटाशी भागीदारी होईल तेव्हाच तिचा विचार करावा.

आता जोड्यांकडे येतो.

पहिल्या मैफलीसाठी पंधराव्या-सोळाव्या शतकातला संगीतकार जोस्कँ दे प्रे याचे 'आवे मारिया... विर्गो सेरेना' आणि एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्टचे 1989 मधले 'माग्नीफिकात' घ्या. जोस्कँचे हे मोटेट (अनेक आवाजांचे धार्मिक गीत) 1502 मध्ये मुद्रक पेत्रुच्चीने व्हेनिसमध्ये छापलेल्या मोटेटांच्या पहिल्या संग्रहात अगदी आरंभी आहे. सुरुवातीला सोप्रानो एक साधे वाक्य गातात, तेच वाक्य आल्टो उचलतात, मग टेनर, मग बास, आणि प्रत्येक आवाज आत येतो तेव्हा त्याला आधीच्या आवाजाच्या सुरात आपला सूर मिसळावा लागतो. इथे लपायला जागा नसते. शेवटी 'ओ मातेर देई, मेमेन्तो मेई' या शब्दांवर चारही आवाज एकदम, लांब स्वरांत एकत्र येतात, आणि अखेरच्या स्वरमेळात (एकाच वेळी लागणाऱ्या स्वरांत) गांधार नसतो, फक्त षड्ज आणि पंचम असतात. तो मोकळा पंचम स्वच्छ लागला की सभागृह स्वतः गुणगुणत असल्यासारखे वाटते. तो मळका लागला तर लपवायला गांधारही नाही. पॅर्टच्या शैलीत नेमकी हीच परीक्षा असते. 1976 पासून त्याने वापरलेल्या 'तिन्तिनाबुली' पद्धतीत एक आवाज स्वरांच्या पायऱ्या एकेक करून चढतो-उतरतो आणि दुसरा आवाज फक्त मूळ स्वरमेळाच्या तीन स्वरांतच फिरतो. त्या दोहोंमध्ये क्षणोक्षणी घर्षण आणि विसावा निर्माण होतो. 'माग्नीफिकात'मध्ये एका सोप्रानोला तर दीर्घ काळ एकाच स्वरावर टिकून राहायचे असते. जोस्कँच्या मोकळ्या पंचमावर पाच आठवडे कान तयार झाला असेल, तर पॅर्टच्या तालमीत सुरांबद्दल फारसे बोलावे लागत नाही आणि सगळा वेळ शब्दांना देता येतो.

दुसरी मैफल माझ्या सर्वात आवडीची आहे, कारण तिच्यात नव्या संगीतकारांनी जुन्या रचनेलाच हात घातला आहे. इंग्रज संगीतकार पर्सेलचे 'हिअर माय प्रेयर, ओ लॉर्ड' हे 1682 च्या सुमाराचे, आठ आवाजांचे, जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे आहे. एका स्वरावर धरलेले शब्द, तिथून कोमल गांधाराएवढी उडी आणि परत, एवढ्याच ऐवजातून ते सुरू होते. 'क्राइंग' या शब्दावर अर्ध्या-अर्ध्या स्वरांची वळणे येतात, आणि एकामागून एक आवाज वाढत शेवटच्या काही मात्रांत असा काही ताण साठतो की तो सुटेपर्यंत श्वास घेववत नाही. स्वेन-डेव्हिड सँडस्ट्रॉम या स्वीडिश संगीतकाराने 1986 मध्ये पर्सेलचे हेच संगीत घेऊन ते पुढे आपल्या दाट, चिकटून उभ्या असलेल्या स्वरसमूहांमध्ये वाढवले. मैफलीत पर्सेल आधी स्वतंत्रपणे गाऊ नका. सँडस्ट्रॉमच्या रचनेच्या पोटात तो आहेच, आणि श्रोत्याला जुन्या संगीताची जमीन पायाखालून नकळत सरकताना ऐकू येणे हाच तिथला अनुभव आहे. तालमीत मात्र निदान तीन आठवडे फक्त पर्सेल गा. त्याच्या विसंवादी स्वरांवर न कचरता उभे राहता आले, की सँडस्ट्रॉमचे स्वरसमूह त्याचीच पुढची पायरी वाटतात.

त्याच मैफलीत क्नुत न्यूस्टेट या नॉर्वेजियन संगीतकाराचे 1988 मधले 'इम्मॉर्टल बाख' घ्या. बाखच्या 'कॉम, झ्यूसर टोट' या गीताच्या आरंभीच्या ओळी आधी सरळ गायल्या जातात, आणि मग वृंदाचे वेगवेगळे गट त्याच ओळी वेगवेगळ्या संथ गतींनी गातात, त्यामुळे प्रत्येक स्वरमेळ पुढच्या स्वरमेळात विरघळत जातो. इथे लयीची मोजदाद प्रत्येकाने सेकंदांत, मनातल्या मनात करायची असते आणि शेजारच्याच्या स्वराकडे ओढले जायचे नसते. ही रचना सोपी दिसते म्हणून शेवटच्या तालमीवर ठेवू नका. गायकांना सभागृहात चारही बाजूंना पसरून उभे करणार असाल, तर त्या जागी जाऊन निदान एक तास तिला द्या.

तिसऱ्या मैफलीत तुम्ही इटालियन संगीतकार अलेग्रीचे 'मिझेरेरे' हे स्तोत्र ठेवले आहे. ते ठेवा, पण त्याच्याबरोबर स्कॉटिश संगीतकार जेम्स मॅकमिलनचे 2009 मधले 'मिझेरेरे'ही ठेवा. एकाच स्तोत्राचे दोन्ही पाठ एका बैठकीत ऐकणे हा श्रोत्यांसाठी मोठा लाभ आहे. अलेग्रीची रचना सिस्टिन चॅपेलसाठी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. तिच्यात पाच आवाजांचा एक आणि चार आवाजांचा एक असे दोन वृंद आळीपाळीने गातात आणि मधल्या ओळी साध्या एकसुरी पठणात येतात. ज्या उंच स्वराची सगळे वाट पाहतात, तो मूळ रचनेतला नाही. नंतरच्या काळात नकला आणि छापील उतारे एकत्र होताना एक तुकडा चार स्वर वर सरकून त्यात मिसळला, आणि तोच पाठ लोकप्रिय झाला. हे श्रोत्यांना पत्रिकेत जरूर सांगा, आणि एकट्या सोप्रानोवर त्या स्वराचे ओझे टाकण्यापूर्वी मूळ पाठाच्या जवळ जाणारी, अलंकार नसलेली आवृत्तीही गाऊन पाहा. माझ्या मते ती अधिक गंभीर आणि अधिक सुंदर आहे. या दोन रचनांच्या मध्ये स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाच्या 1585 च्या पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) संग्रहातली एखाद-दोन रेस्पॉन्सरी (धर्मग्रंथाच्या वाचनानंतर गायची गीते) बसतात. इटालियन संगीतकार जेझुआल्दोच्या 1611 च्या रेस्पॉन्सरींचा मोह मलाही होतो, पण सहा आवाजांतली ती वळणे, जिथे एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाताना पायाखालचा षड्जच बदलतो, तुमच्या 21 तासांत मॅकमिलनसोबत बसणार नाहीत.

चौथ्या मैफलीसाठी फ्रेंच संगीतकार जानेकँचे पक्ष्यांच्या आवाजांनी भरलेले 'ल शां देझ्वाझो' सुचवतो. ते 1528 मध्ये पॅरिसला छापले गेले. त्याच्यासोबत अमेरिकन संगीतकार कॅरोलाइन शॉ हिच्या 'पार्तिता फॉर एट व्हॉइसेस' मधला एखादा भाग घ्या. या रचनेला 2013 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. बोलणे, कुजबुज, उसासे, घशातून येणारे स्वर असे सगळे तिच्यात आहे, आणि भागांची नावे मात्र आल्लेमांद, साराबांद, कूरांत आणि पासाकाल्या अशी जुन्या नृत्यांची आहेत. जानेकँमध्येही शब्दांचा अर्थ मागे पडतो आणि व्यंजने नाचू लागतात. जिभेची आणि ओठांची चपळाई दोन्हीकडे एकच लागते. शॉची रचना आठ जणांसाठी आहे, म्हणून ती सबंध वृंदावर न लादता आठ इच्छुक गायकांना चार महिने आधी वेगळी द्या.

आता सूर उतरण्याविषयी. यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तुमच्या हंगामाचे यश रचनांच्या निवडीपेक्षाही यावर अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका गटाच्या मैफलीत साथीविना मोटेट होते आणि त्याला लागूनच ऑर्गनच्या साथीची रचना होती. मध्ये टाळ्या नकोत म्हणून आम्ही विराम ठेवला नव्हता. मोटेटचा शेवटचा स्वरमेळ हवेत असतानाच ऑर्गनचा पहिला स्वर आला, आणि आम्ही अर्ध्या स्वराहून अधिक खाली आलो होतो हे सबंध सभागृहाला कळले. पहिल्या रांगेतल्या दोन सोप्रानोंनी तोंड उघडले, पण त्यांना आवाज लावता आला नाही. त्याआधीचे सहा आठवडे मी दर तालमीला "सूर वर धरा, सूर वर धरा" असे बजावत होतो. घरी येऊन ध्वनिमुद्रण स्वरकाटा (ठरावीक स्वर देणारा धातूचा चिमटा) हाती धरून ऐकले, तेव्हा दिसले की सूर सरसकट घसरतच नव्हता. तो तीन ठरावीक जागी, प्रत्येक वेळी एका लहानशा पायरीएवढा उतरत होता आणि मधल्या सगळ्या मात्रा स्थिर होत्या. उलट त्या तीन जागी गायकांनी कान देऊन, प्रत्येक स्वर शेजारच्याशी जुळवून घेतला होता.

याचे कारण गणितात आहे. बास सा गातात. वरचा आवाज त्या सा शी शुद्ध जुळणारा ध घेतो. मग त्या ध शी शुद्ध पंचमाने जुळणारा खालचा रे येतो, त्या रे वरून शुद्ध मध्यमाच्या अंतराने वर प, आणि त्या प वरून शुद्ध पंचमाने खाली उतरून पुन्हा सा. चारही पावले निर्दोष टाकली तरी परत आलेला सा मूळ सा पेक्षा सुमारे 22 सेंट खाली असतो. अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट, म्हणजे हीच चाल पाच वेळा आली की वृंद अर्धा स्वर खाली. ही गोष्ट सोळाव्या शतकातच बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने उदाहरणे लिहून दाखवली होती. तेव्हा चांगला कान असलेला वृंदही, किंबहुना चांगला कान असल्यामुळेच, अशा जागी उतरतो, आणि त्याला "वर धरा" म्हणणे म्हणजे नेमके काय करायचे हे न सांगणे होय.

उपाय असा आहे. तालमीआधी संचालकाने रचनेत अशा जागा शोधून ठेवाव्यात. त्या जागी कुठला स्वर थोडा उंच ठेवायचा, म्हणजे कुठल्या पंचमाला किंचित मुरड घालायची, हे ठरवून तो स्वर गाणाऱ्या आवाजाला तसे स्पष्ट सांगावे. वरच्या उदाहरणात बहुधा तो स्वर रे असतो: तो मागच्या ध शी न जुळवता, मनातल्या मूळ सा-प शी जुळवायचा. हे शिकवण्यासाठी दोन गायकांना 'ऊ' स्वरावर मंद सा धरून ठेवायला सांगा आणि बाकीच्यांना त्या आधारावर संथ लयीत गाऊ द्या. सा धरणारे गायक दर पाच मिनिटांनी बदला. जुळलेल्या तानपुऱ्यातून न छेडलेला गांधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना लांबवलेल्या स्वरमेळातला गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली का हवा, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच जुन्या संगीताच्या तालमीत पहिल्या वाचनानंतर पियानो बंद ठेवा.

नव्या संगीतात मात्र हाच नियम सरसकट लावू नका. पॅर्टला शुद्ध पंचम शोभतात, पण सँडस्ट्रॉमच्या अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या घट्ट समूहात प्रत्येकाने शेजाऱ्याशी जुळवून घ्यायला सुरुवात केली की समूहच आकसतो. तिथे पियानोची समान अंतरे स्मरणात ठेवून प्रत्येकाने आपला स्वर राखायचा असतो. गायकांना या दोन पद्धतींची नावे द्या आणि वहीत खूण करायला सांगा, म्हणजे एका रचनेतून दुसरीत जाताना कान कसा लावायचा हे त्यांना माहीत असते. दोन्ही प्रकारांत सुराचे कंपन कमी ठेवावे लागते, पण आवाज आवळून नव्हे. श्वास खेळता ठेवून. ताठर केलेला आवाज हेही सूर उतरण्याचे मोठे कारण आहे.

उरलेली कारणे साधी आहेत. एकाच स्वरावर अनेक अक्षरे आली की तो स्वर हळूहळू ढळतो. खाली येणारा अर्धा स्वर गरजेपेक्षा मोठा आणि वर जाणारा लहान घेतला जातो. आणि काही रचना विशिष्ट पट्टीत उतरतातच, कारण सोप्रानो किंवा टेनरच्या आवाजाची घडी बदलण्याची जागा नेमकी तिथे येते. अशा वेळी सबंध रचना अर्धा स्वर वर किंवा खाली नेऊन पाहा. जुन्या संगीतात यात काही वावगे नाही, कारण त्या काळी सर्वमान्य पट्टीच नव्हती. 440 हर्ट्झचा (सेकंदाला 440 कंपनांचा) 'ए' स्वर ही विसाव्या शतकातली तडजोड आहे, आणि सोळाव्या शतकात उंच चावीखुणांत (कुठली रेघ म्हणजे कुठला स्वर हे सांगणाऱ्या खुणांत) लिहिलेली रचना चौथ्या किंवा पाचव्या स्वराने खाली उतरवून गाण्याचा रिवाज होता. तुमचे टेनर चारच आहेत, तेव्हा पट्टी त्यांच्या गळ्यावरून ठरवा. हयात संगीतकाराच्या रचनेची पट्टी मात्र त्याला विचारल्याशिवाय बदलू नका. ऑर्गन किंवा जुन्या पद्धतीची वाद्ये घेणार असाल, तर ती 440 वर आहेत की अर्धा स्वर खाली 415 वर, हे आजच विचारून ठेवा.

आवृत्त्यांविषयी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकातले गायक प्रत्येकी आपल्याच आवाजाची वही पाहून गात, आणि तिच्यात मात्रांच्या उभ्या रेषा नसत. आज आपण पाहतो त्या रेषा संपादकाने घातलेल्या आहेत, पण डोळ्यांना त्या दिसल्या की गळा प्रत्येक रेषेनंतर आघात देऊ लागतो आणि जोस्कँची ओळ कवायतीसारखी ऐकू येते. यावर मी एक करतो: प्रत्येक आवाजाची ओळ रेषांविना हाताने लिहून काढायला लावतो आणि एक तालीम फक्त त्यावरून घेतो. त्या दिवशी बरेच चुकते, पण पुढच्या आठवड्यापासून शब्दांचे वजन आपोआप योग्य जागी पडते. स्वरांच्या डोक्यावर लहान अक्षरांत छापलेली तीव्र-कोमलाची चिन्हे संपादकाचा सल्ला असतात. ती स्वीकारायची की नाही, हे पहिल्या तालमीआधी एकदाच ठरवा.

आंतरजालावर कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीत जुन्या रचनांच्या विनामूल्य आवृत्त्या मिळतात आणि त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत, मात्र सगळ्यांच्या हाती एकच आवृत्ती असल्याची खात्री करा. संगीत जुने असले तरी त्याची आधुनिक आवृत्ती स्वामित्वहक्काखाली असू शकते. 2005 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने लालांद या जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या संगीताच्या आवृत्तीवर तिच्या संपादकाचा स्वतंत्र हक्क मान्य केला होता. पॅर्ट, मॅकमिलन आणि शॉ यांच्या रचनांच्या प्रती तर प्रत्येक गायकासाठी विकतच घ्याव्या लागतात, आणि जाहीर सादरीकरणाचे शुल्क त्याखेरीज. हा खर्च अंदाजपत्रकात आधी घाला, नंतर सभागृहाचे भाडे.

सभागृहांचा क्रम रचनांप्रमाणे लावा. न्यूस्टेट आणि अलेग्री यांना आवाज चार-पाच सेकंद रेंगाळणारी दगडी वास्तू हवी. जानेकँ तिथे केवळ गोंगाट होईल. त्याला लाकडी, कोरडी, लहान खोली द्या. सक्तीने एकाच जागी चारही मैफली कराव्या लागल्या, तर जागेप्रमाणे लय बदला, कारण जागा लयीप्रमाणे बदलणार नाही. मैफल मध्यंतराविना 60 ते 65 मिनिटांची ठेवा. एका रचनेचा शेवटचा स्वर पुढच्या रचनेचा पहिला स्वर ठरेल असा क्रम शक्य तिथे लावा, म्हणजे मध्ये स्वरकाटा वाजवून शांतता मोडावी लागत नाही.

शेवटी नव्या रचनेबद्दल. या हंगामासाठी ती मागू नका. पुढच्या हंगामाच्या तिसऱ्या मैफलीसाठी मागा. संगीतकाराला निदान दीड वर्षाचा अवधी द्या आणि पूर्ण लिहिलेली रचना मैफलीच्या सहा महिने आधी हातात यावी, असे करारात नोंदवा. त्याला केवळ "5 मिनिटांची, साथीविना" असे सांगून भागत नाही. तुमच्या प्रत्येक आवाजाचा सहज लागणारा सर्वात वरचा आणि खालचा स्वर, टेनर जास्तीत जास्त किती भागांत विभागता येतील (तुमच्या बाबतीत दोन), एकट्याने गाऊ शकणारे कोण आहेत आणि त्या रचनेला तुम्ही प्रत्यक्ष किती तास देणार, हे सगळे लिहून द्या. कुठल्या जुन्या रचनेशेजारी ती गायली जाणार, तेही सांगा आणि शक्य असेल तर ती रचना त्याला तुमच्याच तालमीत ऐकवा. माझ्या गटासाठी लिहिणाऱ्या एका तरुण संगीतकाराने बर्डची तालीम दोन तास ऐकली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मसुद्यातली आल्टोंची सबंध ओळ चार स्वर खाली आणली, कारण त्या आवाजाचा खरा उबदारपणा कुठे आहे हे त्याने तिथे बसून ऐकले होते. कविता निवडताना कवीला जाऊन 60 किंवा 70 वर्षे, जिथे जो नियम असेल तेवढी, झाली आहेत का ते पाहा. नसतील तर परवानगी लेखी आल्याशिवाय संगीतकाराला एक ओळही लिहू देऊ नका. आणि पहिल्या प्रयोगाबरोबरच दुसऱ्या प्रयोगाची तारीखही ठरवा, कारण पहिल्या दिवशी गायक स्वर सांभाळत असतात आणि रचना खऱ्या अर्थाने दुसऱ्यांदा गाताना कळते.

येत्या आठवड्यात सुरुवात करायची असेल, तर जोस्कँची पहिली ओळ घ्या. गायकांना आवाजांप्रमाणे न बसवता चौघाचौघांच्या मिश्र गटांत, वर्तुळात, एकमेकांकडे तोंड करून उभे करा, टेनर प्रत्येक वर्तुळात एकच येईल असे. उरलेल्यांना सा धरायला द्या. पियानोचे झाकण मिटून ठेवा. अर्ध्या तासानंतर स्वरकाटा वाजवा, किती सेंट उतरलो ते वहीत तारखेसह लिहा, आणि दर आठवड्याला त्याच ओळीवर तीच नोंद करत जा.